अडतीस सेंटिमीटरचं उत्तर: परभणीत बसून केलेलं टुंड्राच्या उन्हाळ्याचं मॉडेल

परभणीतल्या एका महाविद्यालयात एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय घेतला: अलास्कातल्या उत्कियाग्विक गावाजवळची टुंड्रा जमीन उन्हाळ्यात किती खोल वितळते, याचं गणिती मॉडेल. मार्गदर्शक मी. विभागात भुवया उंचावल्या, पण विषयाला तसं काही वावडं नव्हतं. मोजमापं जगभर खुली आहेत, गणित एका मितीचं आहे आणि लागतो तो लॅपटॉप तिच्या सेलूच्या घरीही चालतो. शिवाय प्रोग्रॅम जवळजवळ तयारच होता. तिच्या आधीच्या एका विद्यार्थ्याने काळ्या जमिनीसाठी तो लिहून ठेवला होता.

तो प्रोग्रॅम करायचा काय, हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिथून निघते. जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान द्यायचं. जमीन पाच-पाच सेंटिमीटरच्या थरांत कापायची. शेजारच्या दोन थरांच्या तापमानात फरक असेल तर गरमाकडून गाराकडे उष्णता किती जाईल ते काढायचं, आणि दर अर्ध्या तासाने सगळ्या थरांची तापमानं नव्याने लिहायची. फूरियेने १८२२ मध्ये मांडलेलं उष्णतावहनाचं समीकरण ते हेच. आपल्याकडच्या कृषी हवामान वेधशाळांत ५, १० आणि २० सेंमी खोलीवर वाकड्या दांड्याचे तापमापक पुरलेले असतात आणि सकाळी ७ व दुपारी २ वाजता त्यांची नोंद होते. त्या नोंदींशी प्रोग्रॅमची उत्तरं छान जुळत. काळ्या मातीत दिवसाची उष्णतेची लाट साधारण ११ सेंमीवर पृष्ठभागाच्या ३७ टक्के उरते आणि २० सेंमीवर जेमतेम सहाव्या हिश्शावर येते. मे महिन्यात वर पाय ठेववत नाही इतकी माती तापलेली असते आणि वीतभर खाली गेलं की बियाणं सुखाने पडून असतं. प्रोग्रॅमला हे बरोबर दिसायचं.

मग तिने त्यात उत्कियाग्विकचं हवामान घातलं. (२०१६ पर्यंत नकाशावर या गावाचं नाव बॅरो होतं. जुन्या नोंदी शोधताना हे माहीत नसलं तर माणूस चकतो.) वर्षाची सरासरी उणे ११ अंश धरली, तिच्यावर-खाली १६ अंशांचा हेलकावा. म्हणजे ऐन उन्हाळ्यात अधिक ५ आणि ऐन हिवाळ्यात उणे २७. ढोबळ आहे, पण तिथल्या हवेला धरून आहे. मातीचे गुणधर्म मात्र परभणीचेच राहिले.

"सर, एकोणऐंशी सेंटिमीटर यायलंय," ती म्हणाली.

तिथे प्रत्यक्षात ३५ ते ४० सेंमीच्या आसपास वितळते.

ही प्रत्यक्ष मोजणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. 'सर्कमपोलर ॲक्टिव्ह लेअर मॉनिटरिंग' हा कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे. एक किलोमीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, दर शंभर मीटरवर एक बिंदू, म्हणजे अकरा गुणिले अकरा असे १२१ बिंदू. उन्हाळा संपता संपता प्रत्येक बिंदूवर खुणा केलेली पोलादी सळई जमिनीत खुपसायची. मऊ चिखलातून ती सरसर जाते आणि गोठलेल्या थरावर टक्कन अडते. सळई किती आत गेली, तेवढी त्या वर्षीची वितळ. वरच्या या दरवर्षी वितळून पुन्हा गोठणाऱ्या भागाला सक्रिय थर म्हणतात. त्याखाली सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याखाली राहिलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर ती काही ठिकाणी सहाशे मीटरपेक्षाही खोल आहे. सळईने मोजलेला आकडा हाच सगळ्या मॉडेलांचा परीक्षक, आणि या प्रकरणात घोळ झाला तोही या एका आकड्यावर फार विश्वास टाकल्यामुळे.

आकडा जुळवण्याचा मोह

७९ चुकीचं का आलं, याचं पहिलं कारण उघड होतं. टुंड्राच्या वरच्या थरात काळी माती नसते. तिथे शेवाळ असतं, त्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं पीट. ओल्या काळ्या मातीची उष्मावाहकता, म्हणजे तिच्यातून उष्णता किती सहज पुढे जाते त्याचं माप, १.१ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली होती. पाण्याने भरलेल्या पीटची साधारण ०.५ असते, आणि कोरड्या पीटची त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तिने ०.५ घातली, पाण्याच्या हिशेबाने उष्माधारकताही (एक अंश तापायला लागणारी उष्णता) थोडी वाढवली. उत्तर ४९ सेंमी. जवळ आलं. मग वरचं शेवाळ थोडं कोरडं असणार, असं म्हणून वाहकता ०.३ केली. उत्तर ३८.

जुळलं. आलेख काढला, सळईच्या मोजमापांचा पट्टा रंगवला, त्यात मॉडेलची रेघ बरोबर मधोमध. असा आलेख दिसला की विद्यार्थी प्रबंध लिहायला बसतात आणि मार्गदर्शकही हरकत घेत नाहीत. वाहकता ०.३ हा आकडा काही अशक्य कोटीतला नाही. पीटसाठी तो चालण्यासारखा आहे. कोणत्याही परीक्षकाने मान डोलावली असती.

पण या प्रोग्रॅममध्ये बर्फ नावाची चीजच नव्हती. शून्य अंश हा त्याच्या लेखी सात किंवा तेरा अंशांसारखाच एक आकडा होता. थर उणे एकचा अधिक एक होतो, एवढंच त्याला कळायचं. काळ्या मातीसाठी लिहिताना कुणाला वितळण्याचा विचार करायचं कारण काय? मराठवाड्यात जमीन गोठत नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अप्रकट उष्मा असतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि तेवढ्या वेळात तापमान हलत नाही. आजच्या एककांत सांगायचं तर किलोला ३.३४ लाख जूल. हा आकडा पाठ असलेल्या मुलांनाही तो मातीत शिरला की ओळखू येत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. म्हणून तिला कागदावर जमाखर्च मांडायला लावला. एक चौरस मीटर जागा, ३७ सेंमी खोल वितळलेली, आणि तिच्यात आकारमानाने साठ टक्के पाणी. म्हणजे घनमीटरला ६०० किलो. ते वितळवायला घनमीटरला २० कोटी जूल, आणि ३७ सेंमीला सुमारे ७ कोटी ४० लाख जूल. घरच्या मीटरच्या भाषेत वीसएक युनिट वीज. नव्वद दिवसांत वाटली तर चौरस मीटरला सतत नऊ-दहा वॅट.

आता तिच्या 'जुळलेल्या' मॉडेलचा खर्च बघा. वरचा ३८ सेंमीचा थर उणे ८ पासून शून्यावर आणायचा आणि तिथून सरासरी दोन-सव्वादोन अंशांवर न्यायचा. घनमीटरला २९ लाख जूल प्रति अंश या हिशेबाने त्याला लागतात फार तर १ कोटी १० लाख जूल. वितळण्याच्या खात्यावर शून्य. म्हणजे खऱ्या जमिनीत ज्या कामाला सर्वांत जास्त उष्णता लागते, ते काम या मॉडेलने केलंच नव्हतं, आणि उरलेली उष्णता खाली झिरपू नये म्हणून वाहकता कमी करून दार लोटून घेतलं होतं. एका चुकीने दुसरी झाकली गेली होती आणि वर आकडा बरोबर दिसत होता.

"मग अडतीस खोटं का सर?" तिने विचारलं. खोटं नव्हतं. दुसऱ्या वर्षासाठी ते खोटं ठरणार होतं.

एक तपासणी, जी आधीच करायला हवी असते

मॉडेल बरोबर आहे का, हे जुळलेल्या आकड्यावरून कळत नसेल तर त्याला हलवून बघावं. आम्ही हवा वर्षभर दोन अंशांनी गरम केली. सरासरी उणे ११ ची उणे ९, हेलकावा तोच. तिच्या बर्फ नसलेल्या मॉडेलचं उत्तर ३८ वरून ५९ वर गेलं.

दुसऱ्या बाजूला कागदावर एक जुनं सूत्र वापरलं. ऑस्ट्रियाच्या योझेफ स्टेफानने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाची जाडी कशी वाढते हे काढण्यासाठी ते मांडलं. उलट दिशेने ते वितळणाऱ्या जमिनीलाही लागू पडतं. वितळीच्या खोलीचा वर्ग म्हणजे वाहकता गुणिले शून्यावरच्या अंश-दिवसांची बेरीज (दिवसांचे सेकंद करून), त्याची दुप्पट, भागिले घनमीटरमधला अप्रकट उष्मा. अंश-दिवस म्हणजे ज्या दिवशी ४ अंश त्या दिवसाचे ४, ज्या दिवशी अडीच त्या दिवसाचे अडीच, अशी बेरीज. कृषी हवामानवाले पिकाच्या वाढीसाठी जसे अंश-दिवस मोजतात तसंच, फक्त पाया शून्याचा. आमच्या उणे ११ च्या वर्षात हे अंश-दिवस ३१० च्या आसपास भरतात, आणि वाहकता ०.५ धरली तर खोली येते ३७ सेंमी. दोन अंशांनी गरम केलेल्या वर्षात अंश-दिवस ५२० आणि खोली ४७.

आजच्या हवामानात ३८ आणि ३७. फरक सळईच्या टोकाएवढा. उद्याच्या हवामानात ५९ आणि ४७. पर्माफ्रॉस्टच्या मातीत वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट सेंद्रिय कार्बन साठलेला आहे, त्यामुळे वितळ आणखी दहा सेंमी जाणार की वीस, हा प्रश्न फावल्या वेळचा राहत नाही.

स्टेफानचं सूत्रही संत नाही. ते धरून चालतं की खालची गोठलेली जमीन बरोबर शून्यावर आहे आणि तिला स्वतःसाठी काही उष्णता नको. उत्कियाग्विकला खालची जमीन चांगलीच गार असते. वरून आलेल्या उष्णतेचा एक हिस्सा ती गिळते, म्हणून सूत्राची खोली थोडी जास्तच यायची. शिवाय हवेचं तापमान म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान नव्हे. उन्हात शेवाळाचा माथा हवेपेक्षा गरम होतो, ढगाळ वाऱ्यात उलटही होतं. हे दोन दोष एकमेकांना थोडेफार खातात. तिथेही आकडा जुळण्यात नशिबाचा वाटा आहेच, पण निदान सूत्रातली मुख्य गोष्ट खरी आहे.

प्रोग्रॅममध्ये बर्फ घालताना

आता प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. तिने आधी गोठलेल्या थरासाठी वेगळी वाहकता घातली, कारण बर्फाची वाहकता पाण्याच्या जवळजवळ चौपट असते: २.२ विरुद्ध ०.५७. गोठलेलं ओलं पीट त्यामुळे १.८ च्या आसपास जातं. प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर तापमानं आली उणे नऊशे, अधिक बाराशे, उणे चार हजार. निरपेक्ष शून्य उणे २७३ वर आहे, हे प्रोग्रॅमला कोण सांगणार! कारण साधं होतं. पाच सेंमीचा थर असेल तर काळ्या मातीत एका वेळी ४७ मिनिटांपर्यंतची उडी चालते, म्हणून अर्ध्या तासाने काम भागत होतं. गोठलेल्या पीटमध्ये उष्णता दुप्पट वेगाने पसरते आणि ती मर्यादा २२ मिनिटांवर येते. अर्ध्या तासात थर शेजाऱ्याकडून त्याच्याकडे असलेल्यापेक्षा जास्त उष्णता उचलतो, पुढच्या पावलाला शेजारी त्याहून जास्त परत घेतो, आणि झोका वाढतच जातो. दहा मिनिटांचं पाऊल केलं, शांत झालं.

दुसरी अडचण जास्त छुपी होती. अप्रकट उष्मा घालण्याचा सोपा मार्ग असा की उणे अर्धा ते शून्य या पट्ट्यात मातीची उष्माधारकता प्रचंड वाढवायची, म्हणजे सगळा वितळण्याचा खर्च त्या अर्ध्या अंशात पसरायचा. आमच्या पीटसाठी ती नेहमीच्या सुमारे १४० पट होते. कागदावर झकास. प्रोग्रॅम चालवला तर वितळ तरीही खोल येत होती, आणि थरांची जाडी बदलली की उत्तर बदलत होतं. ही दुसरी खूण महत्त्वाची. निसर्गाला आपण जमीन किती सेंटिमीटरला कापली याच्याशी देणंघेणं नसतं.

तिने प्रत्येक थराचं प्रत्येक पावलाचं तापमान छापून काढलं आणि ओळीओळीने वाचलं. वरून तिसऱ्या थरात एका पावलाला उणे ०.६ होतं, पुढच्या पावलाला अधिक ०.१. मधला अर्ध्या अंशाचा पट्टा थराने उडी मारून पार केला होता. जकात नाक्याला वळसा घालून गाडी निघून जावी तसा. उणे ०.६ ला उष्माधारकता साधी, अधिक ०.१ ला साधी, आणि १४० पटीच्या पट्ट्यात तो कधी थांबलाच नाही. उष्णता गायब झाली होती आणि प्रोग्रॅमने कुठेही तक्रार केली नव्हती.

यावरचा धडधाकट उपाय म्हणजे हिशेब तापमानाचा न ठेवता उष्णतेचा ठेवायचा. प्रत्येक थराची एन्थाल्पी, म्हणजे त्याच्या खात्यावर जमा असलेली एकूण उष्णता, लिहीत जायची. खात्यावरची रक्कम बघून मग तापमान ठरवायचं: इतक्यापेक्षा कमी असेल तर गोठलेला, इतकी ते तितकी असेल तर शून्यावर अर्धा बर्फ अर्धं पाणी, त्याहून जास्त असेल तर वितळलेला. यात उडी मारायला जागाच नसते. बदल म्हणाल तर प्रोग्रॅममध्ये वीस-पंचवीस ओळींचा. आता वरून किती उष्णता आत आली आणि सगळ्या थरांत मिळून किती वाढली, याची वजाबाकी दर पावलाला शून्य यायला लागली. माझ्या मते कोणत्याही विद्यार्थ्याने आलेख काढण्याआधी ही वजाबाकी छापावी.

एन्थाल्पीवाल्या प्रोग्रॅमचं उत्तर स्टेफानच्या ३७ पेक्षा थोडं उथळ आलं. खालच्या गार जमिनीचा हिस्सा आता धरला जात होता, तेव्हा ते तसंच यायला हवं होतं.

मामांचा फ्रीजर

कागदावरचं पटलं, तरी पाहिल्याशिवाय समाधान होईना. तिच्या मामांचं सेलूत आइस्क्रीम आणि थंड पेयांचं दुकान. आषाढ लागला, पाऊस झाला, की धंदा बसतो आणि दोन आडव्या डीप फ्रीजरपैकी एक रिकामा राहतो.

"काय गं, आइस्क्रीमच्या फ्रीजरात चिखल ठेवायलीस व्हय?" मामांनी विचारलं, पण जागा दिली. अट एकच, की पाइप घरी न्यायच्या आधी फ्रीजर स्वतः धुऊन द्यायचा.

सहा इंची पीव्हीसी पाइप, अडीच फूट लांब. तळाला बूच. खाली मामांच्या शेतातली काळी माती पाण्याने पूर्ण भिजवून, वर वीतभर कोकोपीट, कारण शेवाळ-पीटच्या जवळचं बाजारात मिळतं ते तेवढंच. मधे वेगवेगळ्या खोलीवर डीएस१८बी२० जातीचे तापमान संवेदक, आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याला तपासलेले. त्यातला एक शून्याला ०.४ दाखवायचा. तेवढं वजा करून घेतलं. पाइप आडवा ठेवून आधी पूर्ण गोठवला. बाहेर काढला तेव्हा वरचं कोकोपीट भाकरीसारखं फुगून तोंडाच्या वर आलं होतं आणि बूच ढिलं झालं होतं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. टुंड्रात हीच फुगवट जमिनीला उंचवटे आणते आणि वितळताना ती खचते.

पहिल्यांदा पाइप खोलीत उभा ठेवला आणि भोवती थर्माकोल गुंडाळलं. ते जमलं नाही. कोकोपीट वरून उष्णता इतकी कमी आत सोडत होतं की बाजूच्या थर्माकोलमधून शिरणारीच जास्त ठरली. पाइप वरून वितळायच्या ऐवजी कडेने वितळला. मग फ्रीजरचं झाकण काढून त्या जागी थर्माकोलची जाड पाटी बसवली, तिला पाइपाएवढं भोक पाडलं. पाइपाचं तोंड खोलीच्या हवेत आणि अंग उणे १८ मध्ये. ही मांडणी टुंड्राच्या खूप जवळ गेली: वरून ऊब, खालून गार ओढ. वीज गेली की मात्र सगळं मुसळ केरात. सेलूत ती जायचीच. शेवटी दुकानाच्या इन्व्हर्टरवरून काम निभावलं.

संवेदकांच्या रेघा पाहताना दोन गोष्टी दिसल्या.

कोकोपीटमधला संवेदक उणेतून चढत शून्याला आला आणि तिथे चिकटला. तासन्‌तास रेघ आडवी. मामा येता-जाता पडद्याकडे बघायचे. "बंद पडलं वाटतं तुमचं मशीन." मशीन चालू होतं. बर्फ वितळत होता आणि पारा हलत नव्हता. सगळा बर्फ संपल्यावर रेघ एकदम उचलली. खालचे संवेदक तर शून्यापर्यंत पोचलेच नाहीत. एका खोलीवर वरून येणारी आणि खाली ओढली जाणारी उष्णता बरोबरीत आली आणि वितळ तिथेच थांबली.

दुसरी गोष्ट आम्ही शोधत नव्हतो. काळ्या मातीतला एक संवेदक शून्यावर नीट आडवा झालाच नाही. त्याची रेघ शून्याच्या बरीच खालपासूनच मंदावत मंदावत आली, जणू वितळायला आधीच सुरुवात झाली होती. खरंच झाली होती. काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती अतिशय बारीक कणांची, तिचं पृष्ठफळ अफाट. कणांना चिकटलेलं पाणी शून्याला गोठत नाही. त्यातलं काही उणे दोन, उणे पाचलाही द्रव राहतं. ज्या गुणाने आपली जमीन पावसाचं पाणी धरते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, तोच गुण गोठण्याची रेघ पुसट करतो. टुंड्रातही पीटखाली गाळाची आणि चिकणमातीची जमीन असते, आणि तिथे वितळणं एका बिंदूवर न होता पट्ट्यात होतं. प्रोग्रॅममध्ये मग पीटसाठी धारदार शून्य आणि खालच्या मातीसाठी पसरट पट्टा अशी सोय करावी लागली. हे प्रकरणातलं सर्वांत चांगलं फळ, असं मला वाटतं. ते मामांच्या शेतातल्या मातीने दिलं.

ऊन कमी नाही, वेळ चुकीची आहे

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ध्रुवीय प्रदेशात ऊन कमी असल्याने जमीन कमी वितळते. ते काढायला लावलं. २१ जूनला वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत पडणारी सूर्याची ऊर्जा उत्तर ध्रुवावर आपल्या परभणीपेक्षा जास्त असते. उत्कियाग्विकला मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही. २१ जूनच्या सुमारास माध्यान्हीला तो ४२ अंश वर असतो आणि मध्यरात्रीही क्षितिजाच्या पाचेक अंश वर. पण जून उजाडेपर्यंत, कधी त्यानंतरही, जमिनीवर बर्फाची चादर असते आणि ताजा बर्फ आलेल्या उन्हातलं ऐंशी टक्के परत पाठवतो. ऐन उन्हाचे दिवस जमीन उघडी पडण्याआधीच निम्मे सरलेले असतात. उघड्या टुंड्राचं परावर्तन वीस टक्क्यांच्या आत असतं, म्हणजे चादर गेल्या गेल्या जमीन एकदम भुकेली होते. मिळालेल्यातलं बरंचसं बाष्पीभवनात आणि हवा गरम करण्यात जातं. जमिनीच्या वाट्याला निव्वळ प्रारणाच्या, म्हणजे आलेल्या आणि परत गेलेल्या किरणांच्या ऊर्जेतल्या फरकाच्या, दहा ते वीस टक्के येतात. आमचे नऊ-दहा वॅट या हिशेबात बसतात, आणि ते बसले म्हणूनच मला मॉडेलवर भरवसा वाटायला लागला.

या दहा-वीस टक्क्यांवर राज्य चालतं ते शेवाळाचं. उन्हाळ्यात त्याचा माथा वाळतो, मधे हवा भरते, उष्णता अडते. शरदात ते भिजतं आणि गोठतं, आणि गोठलेलं ओलं शेवाळ उष्णता झरझर बाहेर सोडतं. आत येताना दार किलकिलं, बाहेर जाताना सताड उघडं. त्यामुळे खालच्या पर्माफ्रॉस्टची वर्षाची सरासरी पृष्ठभागाच्या सरासरीपेक्षाही गार राहू शकते, हवा तितकी गार नसतानाही. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं आपल्याकडे कोरडवाहू शेतकरी म्हणतात ते वरच्या भुसभुशीत कोरड्या थराच्या याच अडवणुकीवर, फक्त तिथे अडवायची असते ओल. शेवाळ जळालं, तुडवलं गेलं किंवा खरवडलं गेलं तर खालची वितळ एक-दोन उन्हाळ्यांत वाढते, आणि मॉडेलमध्ये वरच्या पाच सेंमीची वाहकता बदलून हे लगेच दिसतं. तिने मामांच्या फ्रीजरवर कोकोपीट एकदा कोरडं, एकदा ओलं ठेवून पाहिलं. फरक नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखा होता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो मला अपेक्षित होता. प्रबंधाच्या परिशिष्टात ३८ सेंमीचं जुनं उत्तर तिने मुद्दाम ठेवलं होतं. "हे जुळत होतं की! मग एवढा खटाटोप कशाला?" तिने दोन आलेख पुढे केले. एकात वितळीची खोली तारखेबरहुकूम होती: खऱ्या जमिनीत आणि एन्थाल्पीवाल्या मॉडेलमध्ये ती सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे रडतखडत वाढते, कारण निम्मी खोली गाठायला अंश-दिवसांचा पाव हिस्सा पुरतो. दुसऱ्यात शरदातलं तापमान होतं. जुनं मॉडेल शून्यावरून न थांबता खाली घसरत होतं. खरी जमीन आठवडेच्या आठवडे शून्यावर अडून बसते, वरून आणि खालून दोन्हीकडून गोठत येते, आणि मधला चिखल सर्वांत शेवटी. परीक्षकांनी दुसरा आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पण तुमचं नवं मॉडेलही इथे लवकर गोठतंय की."

गोठत होतं. नव्या मॉडेलमध्ये आडवी रेघ होती, पण खरीपेक्षा आखूड. कारण मॉडेलमध्ये शरदात पडणारा बर्फच नव्हता. ताज्या भुसभुशीत बर्फाची वाहकता ०.१ च्या आसपास असते, वाऱ्याने दाबला गेलेल्या बर्फाची ०.३ किंवा वर, आणि तो ऑक्टोबरच्या आधी पडला की नंतर, यावर जमीन कधी गोठणार हे ठरतं. प्रकल्प उन्हाळ्यापुरता होता, तेव्हा गुण कापले गेले नाहीत. बर्फाचा थर पुढच्या तुकडीतल्या एका मुलाकडे दिला आहे. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्डमध्ये, जिथे नी-ओलेसुन्दला २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे, त्याजवळच्या बायेल्वा इथल्या मातीच्या तापमानाच्या १९९८ पासूनच्या नोंदी त्याने उतरवून घेतल्या आहेत. त्याला पहिलं काम सांगितलंय ते आलेखाचं नाही: बर्फ घातल्यावर वजाबाकी अजून शून्यच येते का ते बघ.